धार कोमट असावी

१

होडीच्या पाठीला अडकवलेल्या इंजिनाची प्रकृती पाहायची असेल तर त्याच्या आवाजावर जाऊ नये. आवाज पुष्कळ इंजिने करतात, आणि पुष्कळ माणसेही. पाहायची ती धार. इंजिन ज्या पाण्यात उभे असते तेच पाणी ते खालून ओढून घेते, आपल्या तापलेल्या अंगात फिरवते आणि बाहेर टाकते. त्यातलेच थोडेसे मागच्या बाजूच्या एका बारीक छिद्रातून करंगळीएवढ्या धारेने सतत पडत राहते. ती पडते आहे तोवर चिंता नाही. बारीक झाली की काळजी घ्यावी, आणि थांबली की मुकाट्याने किनारा गाठावा.

ही झाली नावाड्यांची समजूत. धक्क्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी हयात असली इंजिने दुरुस्त करण्यात घालवलेल्या मिस्त्रींना ती अपुरी वाटे. धार नुसती पाहून भागत नाही, तिच्यात हात धरावा लागतो, असे त्यांचे सांगणे होते. "दिसायला सगळ्या धारा सारख्याच," ते म्हणत. "कढत लागली तर इंजिन तापलंय, पाणी पुरत नाही. कोमट लागली की समजावं, पाणी घरभर फिरून आलं."

"आणि गार लागली तर?" असे त्यांच्या मुलीने लहानपणी एकदा विचारले होते.

"चालत्या इंजिनाची गार लागतच नाही. तापल्या घरातून फिरून आलेलं पाणी गार कसं असेल?"

तेव्हापासून तो बापलेकीचा खेळ होऊन बसला. निम्म्यावर कापलेल्या पिंपात पाणी भरायचे, त्यात इंजिन उभे करून चालू करायचे, आणि पोरीने धारेत हात धरायचा. मिस्त्री विचारत, "कशी आहे?" ती ओरडे, "कोमट!" आता ती खाडीपलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती, तिच्या हाताखाली शिकाऊ मुली होत्या, तिच्या नुसत्या डोळे वटारण्याने दांडगे रुग्ण गोळ्या गिळत. तरी संध्याकाळी घरी येताना शेडमध्ये पिंप चालू दिसले की खांद्यावरची पिशवी दुसऱ्या हातात जाई आणि मोकळा हात धारेत.

२

खाडी ओलांडायला दोन वाटा होत्या. पुलावरून जाणारी बस लांबचा वळसा घेई आणि जाणाऱ्याची अर्धी सकाळ खाई. होडी मात्र वर्तमानपत्र धड वाचून होण्याच्या आत पलीकडे पोचवी. होडी चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत. हे नाव त्याला थट्टेने पडले होते. पण त्याने ते मनावर घेतले आणि पुढे तशी टोपीही मिळवली. त्याच्या इंजिनाचा गिअर तुटला तेव्हापासून होडी धक्क्याला बांधून पडली होती, आणि मिस्त्रींची मुलगी उजाडायच्या आत उठून बस धरत होती.

"बाबा, कप्तानकाकांना जरा हलवा की," ती जेवताना पेंगत म्हणे. "असंच चाललं तर मीच एक दिवस माझ्या वॉर्डात खाटेवर दिसेन."

एका दुपारी कप्तान हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेले इंजिन घेऊन शेडच्या दारात उभा राहिला.

"बघा मिस्त्री, काय हाती लागलंय! तुमच्या कोपऱ्यात झाकून ठेवलंय ना, त्याचा सख्खा भाऊ."

ते खरे होते. त्याच कंपनीचे, तेवढ्याच ताकदीचे एक जुने इंजिन मिस्त्रींनी अडीअडचणीला म्हणून कोपऱ्यात ठेवले होते. दोघांत फरक एवढाच, की त्याचा रंग उडाला होता आणि याचा उडायचा होता.

"कुणाकडून घेतलंस?"

"एका भल्या माणसाकडून. त्यानं होडी सोडली, दुकान टाकलं."

"भल्या माणसानं भलं इंजिन का विकलं?"

"तेवढी धार बारीक पडते म्हणाला. बाकी घोडा आहे, घोडा!"

"घोडा आहे की खेचर ते पिंपात उभं केल्यावर कळेल," मिस्त्री म्हणाले. "पण एक आत्ताच सांगून ठेवतो, कप्तान. माझी पोर रोज दोनदा यावर जाणार आहे. माझी खात्री पटल्याखेरीज ते शेडचा उंबरठा ओलांडणार नाही. मागाहून तोंड फुगवायचं नाही."

"तुमची पोर ती माझी पुतणीच की हो," कप्तान म्हणाला आणि टोपी काढून घाम पुसू लागला.

३

मिस्त्रींच्या कामाला एक क्रम होता आणि तो कोणासाठीही बदलत नसे. आधी सोपे, मग अवघड. कारण दोष बहुधा सोप्या जागी असतो आणि माणसे तो अवघड जागी शोधतात. त्यांनी प्रथम धारेच्या छिद्रात तार घातली. चिमूटभर मीठ निघाले. मग पाणी आत घेणारी खालची जाळी खरवडली. थोडे शेवाळ निघाले. पिंपात उभे करून चालवले, तर धार कशी, तर सर्दीने नाक गळावे तशी. तेव्हा त्यांनी इंजिनाचा खालचा पाय सोडवला आणि पंप उघडला.

या पंपात रबराचे एक लहानसे चक्र असते. त्याला सहा पाती असतात आणि तीच पाणी वर ढकलतात. जुन्या इंजिनांत ती कडक होतात, कोरडी फिरली तर तुटतात, आणि तुटलेले तुकडे वरच्या नळीत जाऊन अडकतात. म्हणून मिस्त्रींचा दंडक असा, की पात्यांचा हिशेब लागल्याखेरीज पंप बंद करायचा नाही. जे तुटले ते सापडले पाहिजे.

या चक्राची पाती म्हाताऱ्याच्या बोटांसारखी आखडली होती, पण होती सगळी. एकही तुटलेले नव्हते. तरी सवयीने त्यांनी तांब्याची नळी काढून उलटी फुंकली, तर त्यातून रबराचे काळे तुकडे पडले. पात्यांचेच ते तुकडे. मिठाने पांढुरके झालेले, कडा झिजलेल्या.

म्हणजे याच्या आधी दुसरे चक्र होते. ते तुटले, कोणा आळशाने नवे बसवले आणि तुकडे नळीत तसेच राहू दिले. मिस्त्रींनी त्या अनोळखी आळशाला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले आणि तुकडे साबणाच्या पाण्यात धुऊन काढले.

धुतल्यावर त्यांना दिसले, की प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी डागल्याचा एक बारीक ठिपका आहे.

ही खूण त्यांची स्वतःची होती. नवे चक्र बसवण्याआधी ते सुई तापवून प्रत्येक पात्याच्या बुडाशी एक ठिपका डागत. पुढेमागे तुकडे निघालेच, तर आपले कोणते आणि परक्याचे कोणते ते कळावे म्हणून. त्यासाठी बायकोने त्यांना बऱ्याचदा हसून घेतले होते: "भांड्यांवर नावं घालतात, तुम्ही रबरावर घाला."

पण हे इंजिन त्यांच्या हाताखालून कधीच गेले नव्हते. आपण उघडलेले इंजिन मिस्त्री विसरत नसत, माणसे विसरत.

त्यांनी तुकडे पालथ्या डबीच्या झाकणावर मांडून पाहिले. एका ठिपक्याला तर स्वल्पविरामासारखी लहानशी शेपटी होती. डागणाऱ्याचा हात हलला असावा. सुई तापवण्याची अक्कल देवाने आपल्या एकट्यालाच दिली आहे असे थोडेच आहे, असे म्हणून त्यांनी तुकडे डबीत टाकले आणि झाकण लावले.

४

त्या मापाचे नवे चक्र फळीवर एकच उरले होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते पाकिटातून काढले, दिव्यावर सुई धरली आणि एकेका पात्याला ठिपका द्यायला सुरुवात केली. घर शेडच्या पाठीलाच होते. मधल्या खिडकीतून बायकोचा आवाज आला.

"अहो, चहाचं आता सरबत व्हायची वेळ आली!"

"आलो, आलो!"

"हे 'आलो' मी लग्नापासून ऐकतेय. येताना मात्र कधी दिसला नाहीत."

मिस्त्रींना हसू आले आणि सुई किंचित घसरली. ठिपक्याला शेपूट फुटले. कामाला त्याने काही बाध येत नव्हता. तरी सुंदर अक्षरात एक शब्द गिचमिड व्हावा तसे त्यांना वाटले. आणखीही काहीतरी वाटले, पण काय ते नीट ध्यानात येण्याआधी बायकोने दुसरी हाक मारली.

चहा घेऊन आल्यावर त्यांनी चक्राला साबणाचे पाणी लावून ते पंपात बसवले, दांडा फिरतो त्याच बाजूला पाती मुडपली, पाय जोडला आणि इंजिन पिंपात उभे केले. होडी ढकलणारा पंखा काढून ठेवला होता. पिंपात त्याचे काम नसते. दोरी ओढताच इंजिन लागले आणि मागच्या छिद्रातून अशी धार सुटली की नव्या इंजिनाने लाजावे.

त्यांनी तिच्यात हात धरला. गार.

नुकतेच लागलेय, असे म्हणून त्यांनी पिंपाभोवतीची हत्यारे आवरली. मग इंजिनाच्या माथ्यावर तळहात ठेवला. माथा चांगला तापला होता. धारेत हात धरला. गारच, बहुधा आधीपेक्षा जास्त.

असे होऊ शकत नाही, असे मिस्त्री म्हणाले नाहीत. जे होत असते त्याला कारण असते. पाणी तापेपर्यंत आत अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल. पाणी आत थांबतच नसेल, धावत येऊन धावत जात असेल. उद्या माथ्याचे झाकण उघडू.

तेवढ्यात मुलगी आली. बसने दमली होती, तरी पिशवी दुसऱ्या हातात गेलीच.

"कशी आहे?"

ती ओरडली, पण "कोमट" नव्हे. तिने हात झटकन मागे घेतला, बोटांवर फुंकर घातली आणि पंजा काखेत दाबून धरला.

"बाबा! पिंपात बर्फ टाकलात की काय? बोटं बधिर झाली!"

आणि ती हसत घरात गेली. पिंपातले पाणी नळाचे होते आणि दिवसभर उन्हात तापले होते.

५

माथ्याचे झाकण सहजी निघेना. नट गंजले होते; झाकणाच्या सांध्यावर कारखान्यातला रंग एकसंध होता, म्हणजे ते आजवर कोणीच उघडले नव्हते. मिस्त्रींनी तेल सोडले, आच दिली, लाकडी हातोडीने हलकेच समजूत घातली, तेव्हा कुठे ते सुटले.

थर्मोस्टॅट उत्तम होता. कढत पाण्यात धरला की उघडे, बाहेर काढला की मिटे. तो जिथे बसतो त्या खळग्यात मात्र, मिठाच्या पापुद्र्याखाली, एक निळा काचेचा मणी होता.

दुपारी जेवायला बसताना त्यांनी तो खिशातून काढून बायकोपुढे ठेवला. ती खिडकीशी बसून मुलीसाठी विणलेल्या लोकरीच्या मफलरच्या काठाला मणी लावत होती. होडी सुरू झाली की सकाळच्या वाऱ्याने कान दुखतात, म्हणून हा मफलर.

"हा तुझा का गं?"

तिने चष्मा वर ढकलून मणी उजेडात धरला.

"जातकुळी माझ्याच मण्यांची. पण माझा नव्हे. माझे कालच आणलेत, अजून चकाकताहेत. हा बघा कसा झिजून आंधळा झालाय. कुठं सापडला?"

"इंजिनात."

"इंजिनात मणी! आता इंजिनंही नटायला लागली का?"

"तुझ्यासारखेच मणी आहेत, म्हणून विचारलं."

"त्या दुकानात बरण्या भरून आहेत. जगात एकटी मीच का विकत घेते? एखादीची माळ तुटली असेल होडीत, गेला असेल आत." तिने सुईत दोरा ओवला. "तुम्ही आधी जेवा. पोटात अन्न नसलं की तुम्हाला नाही नाही ते दिसतं."

हे बोलणे शहाणपणाचे होते. मणी खालच्या जाळीतून आत येण्याएवढा बारीक होता का, हे मिस्त्रींनी जेवून आल्यावर लावून पाहिले. नव्हता. जाळी कधीतरी फुटली असेल आणि मागाहून बदलली असेल, असे त्यांनी ठरवले. आपण हल्ली फार गोष्टी ठरवून टाकतो आहोत, हेही त्यांच्या लक्षात आले.

६

झाकण नव्या पॅकिंगवर बसवून त्यांनी इंजिन पुन्हा पिंपात उभे केले. टळटळीत दुपार होती. पत्रा तापून कडकडत होता. एरवी एवढा वेळ इंजिन चालले की पिंपातले पाणीच ऊन होते. आज पिंपाला बाहेरून घाम फुटला. थंडगार पेल्यावर जमावे तसे दव पत्र्यावर जमले आणि त्याचे ओघळ जमिनीवर उतरले.

पिंप त्यांनी काठाखाली वीतभर रिकामे ठेवले होते. आता पाणी काठाला लागले होते, आणि पाहता पाहता काठावरून सांडू लागले. त्यात कोणी काही ओतले नव्हते. पिंपातलेच पाणी आत जात होते आणि पिंपातच पडत होते.

मिस्त्रींनी इंजिन बंद केले. धार लगेच थांबली नाही. नळ बंद केल्यावरही पाइपातले पाणी गळते, असे त्यांनी स्वतःला सांगितले. धार मात्र गळत नव्हती. ती जोराने पडत होती. मग थांबली.

पाहायला वाकले, तर वरच्या खिशातला पाना निसटून पिंपात पडला. तळाला पाना आपटल्याचा आवाज मिस्त्रींच्या रोजच्या ओळखीचा होता. ते वाट पाहत राहिले. आवाज आला नाही.

त्यांनी बाही कोपरापर्यंत दुमडली. या पिंपाच्या तळाचे नटबोल्ट त्यांनी आयुष्यभर वेचले होते; कोपर भिजायच्या आत बोटे तळाला टेकत. हात आत गेला. कोपर भिजले. दुमडलेली बाही भिजली. मिस्त्री आणखी वाकले. खांदा पाण्याला लागला, गाल पिंपाच्या काठाला टेकला. बोटे खाली मोकळीच होती.

पाणी हलत होते. पिंपात ढवळलेले पाणी गोल फिरते. हे एका बाजूने दुसऱ्या बाजूला, सावकाश, न थांबता वाहत होते, ओहोटीच्या वेळी खाडीचे वाहते तसे. आणि त्या वाहत्या पाण्याबरोबर काहीतरी मऊ, ओल्या लोकरीसारखे, त्यांच्या मनगटावरून सरकत गेले, क्षणभर बोटांत गुंतले आणि सुटून पुढे गेले.

मिस्त्री मागे सरले ते भिंतीला जाऊन टेकले.

भानावर आल्यावर त्यांनी रीतसर काम केले. पिंपाच्या बुडाचे बूच काढले. पाणी नेहमीसारखे गटारात गेले, नेहमीएवढेच. तळाशी त्यांचा पाना पडलेला होता. तळ नेहमीच्या जागी होता. ओठ खारट लागत होते. तो घाम असू शकतो.

७

"कप्तान, हे इंजिन मी देणार नाही."

संध्याकाळ होती. कप्तान टोपी घालून, दाढी करून, इंजिन न्यायला आला होता. मुलगीही दारात उभी होती.

"का? धार पडत नाही?"

"पडते."

"बारीक पडते?"

"नाही. उत्तम पडते."

"मग?"

"गार पडते."

कप्तानाने आधी मिस्त्रींकडे पाहिले, मग मुलीकडे. "सिस्टरबाई, तुमच्या दवाखान्यात दाखवा हो यांना. अहो मिस्त्री, इंजिन तापलं तर तुम्ही बोंब मारता, ते ठीक. गार राहिलं तरी बोंब?"

"कारण विचारू नकोस. मला सांगता येणार नाही. ते मी साखळी घालून ठेवणार. तुझे पैसे बुडू देणार नाही."

"पैशाचं राहू द्या. होडीचं काय? लोक मला आता धक्का-कप्तान म्हणायला लागलेत!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमचं मन घेत नसेल तर ते इंजिन नको. पण मग कोपऱ्यातलं द्या ना. तुमच्याच हातचं आहे. मला आता ती बस खरंच झेपत नाही."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यातले इंजिन! त्याची नस न् नस त्यांना ठाऊक होती. फक्त त्याच्या पंपातले चक्र कडक झाले होते, आणि फळीवर दुसरे नव्हते. मागवले तर यायला पंधरवडा लागणार.

पण नवे कोरे चक्र शेडमध्येच होते. नाकारलेल्या इंजिनात. दोन्ही इंजिने एकाच मापाची. पिंपात थोडेसे फिरले एवढाच काय तो त्याचा वापर; ते त्या धुडात साखळीमागे कुजत ठेवण्यात काय शहाणपण? दोष होता तो इंजिनात. रबराने काय गुन्हा केला होता? सुतळीचा तुकडाही फेकून न देणाऱ्या हातांना यात विचार करण्यासारखे काही दिसले नाही.

सकाळी उठून त्यांनी ते चक्र काढले, उजेडात फिरवून पाती तपासली आणि कोपऱ्यातल्या इंजिनात बसवले. पात्यांना चीर नव्हती, ताठरपणा नव्हता. ठिपक्यांकडे त्यांनी पाहिले नाही. आपल्याच सहीकडे कोणी निरखून पाहत नाही.

पिंप घासून नवे पाणी भरले. इंजिन बराच वेळ चालवले. सुटीचा दिवस होता. मुलगी चहाचा कप घेऊन आली.

"कशी आहे?" मिस्त्रींनी विचारले.

तिने हात धरला, आणि मुद्दाम थांबली.

"अगं, बोल की!"

"को-मट!" ती म्हणाली. "बाबा, चेहरा बघा तुमचा. परीक्षेचा निकाल लागल्यासारखा."

पिंपात वीतभर रिकामे होते ते वीतभरच राहिले. मिस्त्रींनी हात घालून तळ चाचपला. तळ होता.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निघाली. कप्तानाने इंजिन बऱ्याच आधीपासून चालू ठेवले होते; गरम होऊ दे, मिस्त्री धक्क्यावर उभे आहेत, उगाच बोलणी नकोत. माणसे बसली. महिनाभराने होडी हलणार म्हणून सगळे खुशीत होते. कोणीतरी कप्तानाला सलाम ठोकला. मुलगी सगळ्यांत मागे, इंजिनाशेजारच्या आडव्या फळीवर बसली. ती तिची नेहमीची जागा. गळ्यात आईने कालच पुरा केलेला मफलर होता आणि काठाचे निळे मणी उन्हात चमकत होते.

मिस्त्रींच्या खिशात ती डबी होती. साखळीतल्या इंजिनातून निघालेले काही जवळ नको, म्हणून ते तुकडे आणि तो आंधळा मणी होडी गेल्यावर खाडीत टाकायचा त्यांचा विचार होता. दोर सुटला. होडी धक्क्यापासून हातभर, मग दोन हात लांब गेली. धार छान पडत होती. त्यांनी डबी उघडून तुकडे तळहातावर ओतले, आणि होडीकडे पाहून सवयीने हात हलवून खूण केली: कशी आहे?

सकाळचे ऊन पाण्यावरून उसळून थेट तळहातावर येत होते. शेडच्या अंधारात जे नीट दिसले नव्हते ते आता स्वच्छ दिसले. शेपटी असलेला तो ठिपका. डाव्या अंगाला कललेली, टोकाशी किंचित वळलेली शेपटी. चहा गार होतो आहे अशी हाक, हसू, आणि घसरलेली सुई. ती शेपटी ज्या पात्यावर होती ते पाते कालच त्यांनी आपल्या हाताने तपासून या होडीच्या इंजिनात बसवले होते. त्याला चीर नव्हती.

त्यांनी मान वर केली.

मुलीने बाही मागे सारून धारेत हात धरला होता. तिने तो झटकन मागे घेतला. बोटांवर फुंकर घातली. पंजा काखेत दाबून धरला आणि हसत, वडिलांकडे पाहून काहीतरी ओरडली.

"परत फिर!" मिस्त्री ओरडले. "कप्तान, परत फिर! फिरव होडी!"

इंजिनाच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेले नाही. ते धक्क्याच्या टोकापर्यंत धावले आणि दोन्ही हात वर करून हलवू लागले. ते पाहून होडीतली माणसे आनंदली. त्यांनीही हात हलवले. कप्तानाने टोपी काढून उंच धरली. मुलगी मफलर कानांवरून ओढून घेत पाठमोरी झाली.

ओहोटी लागली होती. होडी ऐन प्रवाहात शिरली आणि लहान होत गेली. तिच्यामागची धार दिसेनाशी होईपर्यंत मिस्त्रींना दिसत होती: जाड, सरळ, अखंड, कोणीही पाहावी आणि निर्धास्त निघावे अशी.